तिसऱ्या वळणावर उकळणारी गाडी

अबू जुमानाला मुलगा नाही, आणि ही गोष्ट बायादरच्या गॅरेजवाल्या गल्लीने त्याच्यापेक्षा जास्त मनाला लावून घेतली होती. अम्मानमध्ये बाप्याला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची रीत; अबू म्हणजे बाप. याला मुलगी झाली, तर लोकांनी आपल्या मनाने एक मुलगा ठरवून टाकला, त्याचं नाव लैस ठेवलं आणि याला 'अबू लैस' म्हणायला सुरुवात केली. हा ओच देईना. "लैस कोण? माझ्या घरी जुमाना आहे," म्हणायचा आणि पुन्हा बॉनेटखाली डोकं घालायचा. दोन वर्षांनी गल्ली दमली. त्याचं खरं नाव फव्वाज. ते आता वीजबिलावर तेवढं उरलंय.

त्याचा बाप रेडिएटरला कथलाचे डाग द्यायचा. फव्वाजने त्याच दुकानात सुरुवात केली आणि पुढे सगळं इंजिनच हातात घेतलं, पण मूळचा धंदा काही अंगातून गेला नाही. कुठलीही गाडी आली की आधी तिचं पाणी बघणार. रबरी नळीवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "अठ्ठ्याऐंशी." मीटर लावून बघावं तर सत्त्याऐंशी नाहीतर नव्वद. त्या तळहाताचा त्याला भयंकर गर्व होता. असू दे, माणसाला एका गोष्टीचा गर्व असलेला चालतो.

आणखी एक सवय होती त्याची. नवी गाडी दुकानात आली की तिची एक झडप काढून टाकायची, फुकट. इंजिनाच्या तोंडाशी, पाण्याच्या वाटेवर बसवलेली, मुठीत मावेल एवढी पितळेची झडप; थर्मोस्टॅट म्हणतात तिला. इंजिन गार असताना ती बंद राहते आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तापलं की आपोआप उघडते. "ही बर्फातल्या लोकांची सोय आहे," तो गिऱ्हाइकाला समजावायचा. "आपल्याकडे ऑगस्टात दगड तापतात. इथे पाणी अडवून ठेवणारं काही हवंय कशाला?" मग झडप पत्र्याच्या डब्यात टण्णकन टाकायची आणि गिऱ्हाईक खूश. एकटा तोच नव्हे, सगळी गल्ली हेच करायची. त्याचा बाप करायचा, बापाचा मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, करायचा. गाडीचं बारसंच म्हणा ना ते.

आता जुमाना. सव्वीस वर्षांची, दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते, आणि गाडी हाकते ती अशी की शेजारी बसलेल्या माणसाने आपलं आयुष्य आठवून घ्यावं. बापलेकींनी मिळून तीन वर्षं एक जुनी दोन दारांची जर्मन गाडी बांधली. पांढरी. मूळचं इंजिन तसंच ठेवून त्यावर टर्बो चढवला, तेव्हा ताकद दुपटीहून वर गेली. गाडीला नाव ठेवलं अरूसा, म्हणजे नवरी. आणि नवरी रुम्मानच्या चढावर उतरली.

रुम्मानचा चढ म्हणजे दोन-अडीच मिनिटांचा खेळ. एकेक गाडी खालून सुटते, डोंगर चढून वर जाते, घड्याळ बघायचं, संपलं. पण पहिल्याच शर्यतीत तिसऱ्या वळणावर तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला, आणि वर पोचेपर्यंत अरूसा चहाच्या किटलीसारखी फुसफुसत होती. दुसऱ्या शर्यतीत झाकणातून पाणी उसळलं ते रस्त्यावर सांडलं. मागून आलेला गडी त्या पाण्यावर घसरून कठड्याला घासला. माणूस वाचला, पण शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या लोकांचं डोकं सटकलं. त्यांचं पत्र आलं: पुढच्या शर्यतीत वर पोचल्यावर गाडी पाच मिनिटं चालू ठेवून उभी करायची, खाली कोरडा पुठ्ठा टाकायचा, आणि त्या पुठ्ठ्यावर पाण्याचा एक थेंब जरी दिसला तरी जुमाना या हंगामातून बाद. पुढची शर्यत शुक्रवारी. पत्र हातात पडलं तो शनिवार होता.

"सहा दिवस," जुमाना म्हणाली. तिने पत्राची घडी घालून ते जॅकेटच्या खिशात ठेवलं. "बाबा, तुम्ही म्हणाल तर मी गाडी हळू चढवते."

"हळू चढवायची असती तर गाढव घेतलं असतं," अबू जुमाना म्हणाला. "सहा दिवस पुष्कळ झाले. इंजिन कशाने तापतं? एक तर उष्णता जास्त, नाहीतर पाणी कमी, नाहीतर वारा कमी. चौथं काही नसतं."

शनिवारी त्याने नवा रेडिएटर घातला, आधीच्यापेक्षा दुप्पट जाड, कथलाचे सगळे सांधे स्वतःच्या हाताने दिलेले. संध्याकाळी वादी-सीरच्या दरीत उतरून तिथून वर चढवून बघितली. चार मिनिटांत काटा लाल. रविवारी दुसरा पंखा बसवला, बंपरला वाऱ्यासाठी भोकं पाडली. काटा पाच मिनिटांत लाल. सोमवारी पाण्याचा पंप उघडला. पंप नव्यासारखा निघाला, तो परत घातला. नळ्या उलट्या करून फुंकल्या. रेडिएटरमधून पाणी सोडून पाहिलं, ते पावसाळी नाल्यासारखं धो धो वाहिलं. कुठेही काही अडलेलं नाही, आणि तरी काटा लाल. गल्लीतले लोक हळूहळू चहाचे ग्लास घेऊन जमायला लागले. त्यांना काय, फुकटचा तमाशा.

त्यात सिरहान होता. समोरच्या गाळ्यात बसायचा, हाताला ग्रीस नाही, मांडीवर लॅपटॉप. गाडीला वायर जोडून पेट्रोल किती, ठिणगी कधी, ते सगळं पडद्यावर बघून बदलायचा. वयाने तिशीचा, बोलायला अतिशय नम्र. त्याचाच राग यायचा.

"मुअल्लिम, मी एकदा बघू का?" त्याने सोमवारी दुपारी विचारलं.

"बघा इंजिनियरसाहेब. हात धुऊन या मात्र, गाडी घाण व्हायची तुमच्या सेंटने."

सिरहानने वायर जोडली, जुमानाला घेऊन दरीत एक फेरी मारली आणि परत येऊन लॅपटॉप बॉनेटवर ठेवला. "पेट्रोल बरोबर आहे. ठिणगी बरोबर आहे. इंजिन जळायला पाहिजे तसंच जळतंय. मग राहिलं हेड गॅस्केट. ते फुटलंय, आणि जळका वायू पाण्यात शिरतोय."

"फुटलं असतं तर पाण्यात बुडबुडे आले असते."

"चढावर आल्यावर येत असतील."

"आणि शर्यत चार दिवसांवर असताना मी इंजिनाचं डोकं उतरवू? तुझ्या 'असतील'वर?"

"नाहीतर टर्बोचा जोर कमी करा. मी आत्ता दोन मिनिटांत करून देतो. गाडी तापणार नाही."

"आणि चढणारही नाही," जुमाना म्हणाली.

"चढेल की. हळू चढेल."

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं, आणि सिरहानने लॅपटॉप उचलला. जाता जाता म्हणाला, "मुअल्लिम, रागावू नका. यंत्र तळहातापेक्षा खरं बोलतं." गल्लीत कुणीतरी खोकलं. अबू जुमानाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांचं तापमान कुणी मोजलं नाही.

मंगळवारी जुमाना दुकानातून लवकर निघून आली. दोघं दरीतून वर आले, काटा लाल रेषेला टेकल्याबरोबर तिने गाडी बाजूला घेतली आणि बापाच्या आधी खाली उतरून बॉनेट उघडलं. वरच्या नळीजवळ हात नेववत नव्हता. तिने खालची नळी धरली, रेडिएटरमधून थंड झालेलं पाणी जिच्यातून इंजिनाकडे परत जातं ती.

"बाबा, ही गार आहे."

"असणारच."

"तसं नाही. अगदी गार. हात ठेवा ना तुम्ही."

त्याने तळहात ठेवला. "पंचेचाळीस," म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. "बघितलंस? रेडिएटर कसलं काम करतोय. ये म्हणावं सिरहानला. उकळतं पाणी आत जातं आणि अंघोळीचं बाहेर येतं. मी डाग दिलाय त्याला, उगाच नाही."

"पण मग इंजिन का तापतंय? एवढं गार पाणी मिळतंय त्याला."

"तेच शोधतोय ना."

"नाही, तुम्ही रेडिएटरचं कौतुक करताय."

पोरीने बरोबर ओळखलं होतं. इंजिनाला ताप भरला होता आणि औषधाची बाटली गार होती, आणि हा गडी बाटलीचीच तारीफ करत बसला होता. गर्वाचं हेच एक वाईट, तो नेमका उत्तर समोर असतानाच मान वर करतो. जुमाना रागाने गाडीत जाऊन बसली.

बुधवारी सकाळी थंडी पडली. एप्रिलमध्ये अम्मानला असं होतं. लोकरीचे कपडे माळ्यावर टाकले की दोन दिवस जानेवारी परत येतो. हालाने, म्हणजे जुमानाच्या आईने, बॉयलर पेटवला. बॉयलरचं गरम पाणी नळ्यांमधून घरभर फिरतं, प्रत्येक खोलीत भिंतीला लावलेल्या लोखंडी रेडिएटरमधून जातं आणि खोली ऊबदार होते. निदान व्हायला पाहिजे. अबू जुमाना ब्रेडला तेल आणि जअतरचा मसाला लावत होता, डोकं अर्थातच गाडीत.

"ऐका हो," हाला आतून ओरडली. "मागच्या खोलीचा रेडिएटर बर्फ आहे. तुमच्या लेकीचे ओठ निळे पडलेत."

"हॉलचा अर्धा बंद कर मग."

"मला नाही फिरत ती कळ. तुम्ही या. गल्लीभरच्या गाड्यांचे नखरे पुरवता, घरचं एक काम सांगितलं तर कान पडतात."

तो उठला. हे काम अम्मानमधलं शेंबडं पोरही करतं. हॉलचा रेडिएटर बॉयलरला लागून असतो, मागच्या खोलीचा शेवटी. हॉलची कळ पूर्ण उघडी ठेवली की सगळं गरम पाणी त्या जवळच्या वाटेने आत शिरतं आणि तसंच मागे फिरतं. लांबच्या खोलीपर्यंत जायची त्याला गरजच वाटत नाही. जवळची कळ आवळली की झक मारत लांब जातं. तो गुडघ्यावर बसला, कळ आवळली, आणि सवयीने एक तळहात परतीच्या नळीवर ठेवला. मागच्या खोलीतून गुडगुड आवाज आला.

"आलं पाणी," जुमाना आतून म्हणाली.

तो तसाच बसून राहिला. तळहात नळीवर, ब्रेडचा तुकडा दुसऱ्या हातात.

"काय झालं? पाय धरला का?" हालाने विचारलं.

"हाला, पाणी आळशी असतं."

"तुमच्यावर गेलंय."

"हाला, आपलं पाणी हॉलमधूनच परत फिरतंय." तो उठला तो ब्रेड तिच्या हातात देऊनच. "जुमाना! चल. चष्मे राहू देत आज, दुकानात फोन कर, काहीही सांग. खालची नळी गार का होती ते कळलं मला. तिच्यात पाणी जातंच नव्हतं. जातंय पण थोडंसं, टिपूस टिपूस, म्हणून एवढं गार होतंय. बाकी सगळं हॉलमधून परत."

"बाबा, गाडीला हॉल नसतो."

"असतो. चल तू."

घरच्या सपाता घालूनच तो गाडीत बसला. आणि वाटेत तो जे बोलला ते जुमानाने तीनदा बोलायला लावलं तेव्हा तिला उमगलं. त्या इंजिनात पाण्याला दोन वाटा असतात. एक लांबची, रेडिएटरमधून. दुसरी आखूड, इंजिनातून निघून थेट पंपाकडे परत जाणारी. इंजिन गार असताना पाणी तिथल्या तिथे फिरावं म्हणून ठेवलेली. आणि या दोन वाटांच्या नाक्यावर बसलेली असते ती पितळेची झडप. ती तापून उघडते तेव्हा एकच काम करत नाही. वरच्या तबकडीने लांबची वाट उघडते, आणि त्याच वेळी खालच्या तबकडीने आखूड वाट बंद करते. झडप काढून टाकली की दोन्ही वाटा कायमच्या उघड्या.

जुमानाने गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली. मागच्या पिकअपवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

"म्हणजे झडप काढणारा..."

"मी," अबू जुमाना म्हणाला. "पुढे घे गाडी, शिव्या खाऊ नकोस."

"पण तुम्ही सगळ्यांच्याच काढता. त्या नाही तापत."

"साध्या इंजिनाला उष्णताच किती? थोडं पाणी गेलं लांबून, तरी भागतं. कित्येक गाड्यांत आखूड वाटच नसते, तिथे काढली काय, ठेवली काय. आपण टर्बो घातला आणि उष्णता दुप्पट केली. तेव्हा उघडं पडलं." मग जरा थांबून, "पस्तीस वर्षं झाकलेलं."

दुकानात पोचल्यावर त्याने आखूड वाटेची रबरी नळी चिमट्याने करकचून आवळली. बस्स, एवढंच. जुमानाने गाडी दरीत नेली. चार मिनिटं झाली, पाच झाली, आठ झाली. तिने मुद्दाम खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडत ठेवलं. काटा मधल्या रेषेवर चढला आणि तिथे असा बसला जसा रंगाने काढलाय. वर पोचल्यावर ती खाली उतरली, गाडीभोवती एक चक्कर मारली, बापाच्या टकलावर थाप मारली आणि रस्त्याच्या कडेला बसून हसत सुटली. अबू जुमानाने खालच्या नळीवर हात ठेवला. "अठ्ठ्याहत्तर," म्हणाला. या वेळी कौतुक कुणाचं करायचं ते त्याला समजेना.

चिमटा लावून शर्यतीत उतरता येत नाही. नळी फाटेल, किंवा गार इंजिनात भलतंच काहीतरी होईल. झडप पाहिजे. आणि गुरुवारी बापलेकींना कळलं की अख्ख्या बायादरमध्ये त्या इंजिनाची झडप नाही. सुट्या भागांच्या दुकानात हा मागायला गेला तर दुकानदार चष्म्यावरून बघत राहिला. "अबू जुमाना, थट्टा करताय? वीस वर्षांत कुणी मागितली नाही. तुम्ही लोकच तर काढून फेकता. बाहेरून मागवतो, दहा दिवस लागतील." पत्र्याच्या डब्यातल्या झडपा दर वर्षी भंगारात जात. यंदाच्या होत्या त्या गंजून, दबून, अर्ध्या भलत्याच गाड्यांच्या. भंगारवाल्याकडे सगळ्या गाड्या होत्या, झडप एकीतही नव्हती. बारसं सगळ्यांचं झालं होतं.

"एकच गाडी आहे," अबू जुमाना भंगाराच्या ढिगावर बसून म्हणाला.

जुमानाच्याही तेच डोक्यात आलं असावं. "तुम्ही जा," ती म्हणाली. "मी नाही येत. त्यांनी मला रसायनात नापास केलंय."

"दोघंही जाऊ. मला त्यांनी बावीस वर्षं नापास केलंय."

सित्त अदीबा, म्हणजे अदीबाबाई, शहराच्या लुवैब्दे भागात राहायची. मुलींच्या शाळेत रसायन शिकवून निवृत्त झालेली, एकटी, सत्तर वर्षांची. तिच्याकडे हिरवी चार दारांची जर्मन गाडी होती, अरूसाचंच इंजिन. तेल बदलायला यायची तेव्हा ती खुर्ची नाकारायची, हातात पर्स घेऊन बॉनेटपाशी उभी राहायची आणि अबू जुमानाचा पाना झडपेच्या दिशेने वळला की म्हणायची, "तिथे हात लावायचा नाही." तो म्हणायचा, सित्त, ही बर्फातल्या लोकांसाठी असते. ती म्हणायची, "बनवणारे मूर्ख होते आणि तू शहाणा, असं का?" दर वर्षी हाच संवाद, शब्दही बदलत नसत. त्या गल्लीत बारसं न झालेली ती एकच गाडी.

तिने दार उघडलं, दोघांना बसवलं, कॉफी आणली आणि काय हवंय ते ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"फव्वाज, का हवी आहे?" ती त्याला नावाने हाक मारणारी एकटीच.

"गाडी तापते म्हणून, सित्त."

"का तापते?"

"पाणी आखूड वाटेने परत जातं."

"का जातं?"

"ती वाट उघडी आहे."

"कुणी उघडी ठेवली?"

जुमाना कपात बघत होती. अबू जुमानाने घसा खाकरला. "मी ठेवली."

"बावीस वर्षं लागली तुला एवढं एक वाक्य बोलायला. आणि ही," तिने जुमानाकडे हनुवटी केली, "हिला मी नापास केलं ते बरोबरच केलं होतं. उत्तर पाठ असायचं, कारण माहीत नसायचं. खालची नळी गार आहे हे कुणाच्या आधी लक्षात आलं?"

"हिच्या," अबू जुमाना म्हणाला.

"मग सुधारली आहे." ती उठली. "चला, खाली. काढून घे. पण नीट काढ, रबराचं कडं फाटलं तर दुसरं मिळायचं नाही. आणि माझी गाडी झडपेशिवाय एक पाऊल हलणार नाही. उद्या मला चढावर तुम्हीच न्यायचं, झडप कामाला लागते का ते मला बघायचंय, आणि संध्याकाळी परत बसवून द्यायची."

झडप निघाली. ती घेऊन तो निघणारच होता, तर सित्त अदीबा म्हणाली, "आधी चालते का ते बघ. बावीस वर्षांहून जुनी आहे." आणि वर स्वयंपाकघरात नेऊन तिने पातेल्यात पाणी ठेवलं, झडप दोऱ्याला बांधून आत सोडली, गॅस पेटवला. तिघं पातेल्याभोवती उभी राहिली. पाणी तापलं, तळाशी बारीक बुडबुडे धरले, आणि मग झडपेच्या मधोमध एक केसाएवढी फट पडली. फट रुंदावली. वरची तबकडी उघडत गेली तसतशी खालची तबकडी खाली सरकत गेली, हळू, न थांबता, कुणी हात लावत नसताना.

अबू जुमानाने आयुष्यात हजारो झडपा काढल्या होत्या. उघडताना एकही पाहिली नव्हती. तो पातेल्यावर इतका वाकला की वाफेने त्याचा चष्मा धुरकटला. "सुब्हानल्लाह," तो पुटपुटला. "जुमाना, बघ. खालची बघ. ती दार लावून घेतेय."

"बघतेय बाबा."

"गॅस बंद करा सित्त. आता मिटताना बघू."

त्यांनी ती तीनदा उघडली आणि तीनदा मिटवली. तिसऱ्यांदा सित्त अदीबा म्हणाली की माझा सिलिंडर आहे, आटपा.

शुक्रवारी रुम्मानच्या डोंगरावर ऊन पडलं होतं आणि माणसांची झुंबड होती. लोक शेगड्या घेऊन आले होते, कबाबांचा धूर चढावर तरंगत होता. अबू जुमाना वरच्या टोकाला उभा होता. त्याच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर सित्त अदीबा, पर्स मांडीवर. हाला घरीच थांबली होती. मला ते आवाज सोसत नाहीत, म्हणाली, खाली-वर काय होतं ते फोनवर सांगा. सिरहान आला होता आणि दोन हात अंतरावर उभा होता.

अरूसा खालून सुटल्याचं वर आवाजावरूनच कळलं. तिचा सूर वेगळा, टर्बोची शीळ घातलेला. पहिल्या वळणाला सूर खाली आला, परत चढला. दुसऱ्या वळणाला टायर किंचाळले. मग तिसरं वळण. तिथे डोंगराचा एक सुळका आडवा येतो आणि आवाज गुडुप होतो. अबू जुमानाने श्वास धरला. मागच्या दोन वेळी सुळक्यामागून गाडी बाहेर आली होती ती आधी वाफ दिसून.

"एवढा वेळ लागतो?" सित्त अदीबाने विचारलं.

"तीन सेकंद झाले, सित्त."

आणि सुळक्यामागून पांढरं नाक बाहेर आलं. मागे धूळ होती, वाफ नव्हती. शीळ अंगावर आली, चौथं वळण, पाचवं, मागची चाकं बाजूला फेकत नवरी असली उधळली की कबाबवाल्यांनी हातातल्या सळ्या टाकून टाळ्या पिटल्या. रेषा ओलांडून जुमानाने ब्रेक लावले. क्लबचा माणूस लगेच पुठ्ठा घेऊन आला, गुडघ्यावर बसला, तो इंजिनाखाली सरकवला.

"चालू ठेवा," तो म्हणाला. "पाच मिनिटं."

पाच मिनिटं उभं राहणं हे चढण्यापेक्षा वाईट. गाडी थांबली की वारा थांबतो, आणि तापलेल्या इंजिनाचा खरा कस तिथेच लागतो. जुमानाने काच खाली केली. बाप खिडकीशी वाकला. काटा मधल्या रेषेच्या केसभर वर होता.

"वर चाललाय का?" तिने दातांतून विचारलं.

"बघू नकोस त्याच्याकडे. माझ्याकडे बघ."

"तुमच्याकडे बघून जास्त भीती वाटते."

दुसऱ्या मिनिटाला दोन्ही पंखे सुरू झाले. तिसऱ्या मिनिटाला काटा जाडसर एका रेघेने वर सरकला आणि जुमानाने स्टीअरिंगवरची बोटं पांढरी होईपर्यंत आवळली. अबू जुमाना जमिनीवर सपाट आडवा झाला आणि खालून हात घालून त्याने खालची नळी धरली. नळी गरम होती, पाणी तिच्यातून सळसळत जात होतं, तळहाताला ढकलत. "येतंय," तो खालून म्हणाला. "भरभरून येतंय. थांब." काटा थांबला. मग परत मधल्या रेषेवर आला आणि बसला.

क्लबच्या माणसाने घड्याळ बघितलं, पुठ्ठा ओढून काढला, उन्हात धरला, उलटा केला, बोट फिरवलं. एक तेलाचा डागसुद्धा नव्हता. त्याने कागदावर सही केली आणि पुठ्ठा जुमानाच्या हातात दिला.

सिरहान जवळ आला. गल्लीतले आठ-दहा जण त्याच्यामागे होते. "मुअल्लिम, हेड गॅस्केट नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग काय होतं?"

अबू जुमाना पाठीवरची धूळ झटकत उठला. खोटं बोलायला चांगली संधी होती. जाड रेडिएटर समोर होता, दोन पंखे समोर होते, सगळ्यांनी मानलं असतं.

"झडप नव्हती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मीच काढली होती, मीच बसवली. तुमच्या टर्बोवाल्या गाड्या रविवारपासून एकेक करून आणा. फुकट काढल्यात, फुकटच बसवीन. झडपा तुम्ही शोधायच्या."

"आणि मिळणार कुठे?" मागून कुणीतरी विचारलं.

सित्त अदीबाने पर्स छातीशी धरली. "माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली.

जुमानाने हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. पहिल्या फेरीत ती आपल्या गटात चौथी आली होती आणि तिला ते मुळीच पसंत नव्हतं. "बाबा, बाजूला व्हा," ती म्हणाली, "दुसरी फेरी बाकी आहे." आणि गाडी वळवून ती खाली निघाली.